एकेचाळीस जणांची एकच साखर

"ब्याण्णव!" दामोदरअण्णा ओरडले आणि पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्या बाईंनी आपलं पाकीट फाडलं, आतलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, माझीपण ब्याण्णव!" तिसरं पाकीट, ब्याण्णव. चौथं, ब्याण्णव. दहाव्या पाकिटापर्यंत टाळ्या चालू होत्या. विसाव्याला टाळ्या थांबल्या आणि माणसं उभ्या जागी हात जोडू लागली. शेवटचं, एकेचाळिसावं पाकीट उघडलं तेव्हा शेजारच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर ऐकू यावा इतकी शांतता होती. एकेचाळीस मधुमेही माणसं आणि सगळ्यांची उपाशीपोटीची साखर एकच. आकड्याखाली मराठीत आणि कन्नडमध्ये हिरव्या अक्षरांत शेरा छापला होता: 'उत्तम'.

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातली ही शेड म्हणजे दामोदरअण्णांचा बंद पडलेला कारखाना. लेथ मशिनं विकली गेली, तेलाचे डाग आणि भेगाळलेली फरशी उरली. जिथे पूर्वी नटबोल्ट कापले जायचे तिथे आता सहा फुटी तराजू टांगला होता आणि त्याच्या मधोमध तुल्यानंद स्वामी बसायचे. कमी-जास्त झालेलं सगळं समान करणारा, म्हणून तुल्यानंद.

"नऊ आणि दोन किती?" स्वामींनी विचारलं.

"अकरा!"

"अकरा म्हणजे कोण?"

"एकादश रुद्र!" दामोदरअण्णांनी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"रुद्राच्या तिसऱ्या डोळ्यापुढे साखर किस झाड की पत्ती? हा आजार साहेबाने आणला. साहेब गेला, आजार ठेवून गेला. आम्ही तो पार्सलने परत पाठवतोय. स्वल्प साखर, स्वल्प संसार, भरपूर आनंद! सरी?"

"सरी, सरी, बरोबर आहे," लोक माना डोलावत म्हणाले.

स्वामी तीन भाषांत बोलायचे. त्यामुळे प्रत्येकाला एक तृतीयांश कळायचं आणि उरलेलं फार खोल असणार असं वाटायचं. बोलता बोलता त्यांनी बोट माझ्याकडे वळवलं. "आणि हा आमचा आकडा नाही हं! हे सायन्स आहे. हे सायन्सवाले साहेब स्वतःच्या हाताने घेऊन आलेत. नमस्कार करा त्यांना."

एक म्हातारे गृहस्थ खरोखरच वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो, पण मागे भिंत होती. स्वामी म्हणाले ते खरंच होतं: ती पाकिटं मीच आणली होती, आतली कार्डं मीच बनवली होती, आणि ही चाचणी व्हावी म्हणून भांडलोही मीच होतो.

मी शुभंकर. मूळचा पुण्याचा, सहा वर्षं बंगळुरात आहे. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत आकड्यांच्या याद्या जुळवण्याचं काम करतो. राहतो मात्र यशवंतपूरला, कस्तुराबाईंच्या घरात माडीवर. रोज मेट्रोने अख्खं शहर ओलांडून कामाला जाण्यात शहाणपणा नाही, हे मला माझे सगळे मित्र सांगून दमले. पण त्यांनी कस्तुराबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि तिच्याबरोबरची शेंगाचटणी खाल्लेली नाही. बाई निपाणीकडच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. यजमान पीण्यातच फिटर होते, ते गेले. मूलबाळ नाही. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. दोन वेळा इन्सुलिनची सुई असते, आणि पाय इतके बधिर की चप्पल पायातून निसटली तरी त्यांना चार पावलांनी कळायचं.

मावशी स्वामींकडे जायला लागल्या तेव्हा मी आधी हसलो आणि मग चिडलो. स्वामींचा खेळ असा होता: भक्ताला आधी एक हिरवं पान चघळायला द्यायचं, मग गुळाचा खडा. गूळ मातीसारखा लागायचा. "बघा, गोडाची वासनाच जळाली! आता रक्तातली साखर किती दिवस टिकणार?" मग तराजूच्या पारड्यातलं तांब्याभर पाणी प्यायचं आणि हळूहळू सुई सोडायची. घरी साखर तपासायलाही बंदी. "टोचलं की शक्ती गळते," असं स्वामी सांगायचे.

हे पान म्हणजे गुडमारचं. ते चघळलं की जिभेला अर्धा तास गोड कळत नाही, एवढंच. मी नर्सरीतून गुडमारची कुंडी विकत आणली, एका रविवारी भर सभेत उठलो आणि पुढच्या दोन रांगांना पानं वाटली. वर माझ्याच खिशातला गूळ दिला.

"कसा लागतो?"

"मातीवाणी," एक जण म्हणाला.

"मग आता मीही स्वामी झालो का? बसू का त्या तराजूत?"

लोक खो खो हसले. स्वामींचा चेहरा पडला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! हसणाऱ्यांत मावशीही होत्या, हे मी तेव्हाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं होतं.

पण दामोदरअण्णा चिडून उठले. "जिभेचं सोडा हो साहेब. रक्ताचं बोला. आमच्या रक्तात फरक पडलाय."

"मग तपासू या रक्त!" मी म्हणालो.

स्वामींनी मला एकवार नीट न्याहाळलं आणि डोळे मिटून म्हणाले, "होऊन जाऊ दे. रक्त आमचं. लॅब तुमची, कागद तुमचा."

दोन आठवड्यांनी आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक आरोग्य शिबिर होतं. मंडळाच्या सेक्रेटरी रंजिताताईंनी स्वामींच्या एकेचाळीस भक्तांनाही त्यात घेतलं. मंडळाच्या सभासदांची कार्डं एक ते एकशे अठरा. भक्तांचं रजिस्टर वेगळं, त्यांची कार्डं दोनशे एक ते दोनशे एकेचाळीस. एकशे अठरावं कार्ड माझं होतं. सगळ्यांचं झाल्यावर मीही दंड पुढे केला, कारण सुईला घाबरत नाही हे मला भक्तांना दाखवायचं होतं.

लॅबमधून रक्त घ्यायला कावेरी नावाची मुलगी आली होती. अथणीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारी. ती म्हणाली, "सर, प्रत्येकाला आमचा छापील रिपोर्ट देते की."

"नको नको. तुम्ही मला फक्त आकड्यांची फाइल पाठवा. मी दोन भाषांत सुंदर कार्डं बनवतो. शेऱ्यासकट."

ती "बरं" म्हणाली. ते सुंदर कार्ड आज मला नजरेसमोर नको वाटतं.

फाइल आली, आणि मॅजेस्टिक ते व्हाइटफील्ड या मेट्रोच्या प्रवासात, मांडीवर लॅपटॉप ठेवून, मी कार्डं तयार केली. वरची दहा कार्डं तपासली. बरोबर होती. उरलेली न बघताच यशवंतपूरच्या छपाईवाल्याला पाठवली. पाकिटं त्यानेच बंद करून दिली. रविवारी ती घेऊन मी शेडमध्ये गेलो तो स्वामींची फजिती बघायला, आणि पुढे काय झालं ते सांगितलंच आहे.

त्या दुपारी मावशींनी इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमधून काढून माझ्या हातात ठेवल्या.

"टाकून दे जा."

"मावशी, वेड्यासारखं करू नका. एकेचाळीस माणसांची साखर एकसारखी असूच शकत नाही. आकडा खोटा आहे."

"कुनी लिवलाय?"

मी बाटल्या घेऊन परत फ्रिजकडे वळलो.

"तुझाच कागद, तुझंच यंतर. गूळ खोटा म्हनलास, म्या ऐकलं. त्या दिवशी हसले बी. आता कागद बी खोटा म्हनतोस. मग तुझं खरं तरी काय रं, शुभंकर?"

"मी मशीन आणतो. घरीच बोटातून तपासू."

"टोचायचं न्हाई म्हनून सांगितलंय. आनि तुझा तुझ्याच कागदावर भरवसा न्हाई व्हय?"

बाटल्या मी माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून स्वामींनी सांगितलेला नेम सुरू केला: अकरा दिवस, त्या तराजूभोवती रोज एकशे आठ अनवाणी प्रदक्षिणा.

आणि मी काय केलं? मी गुन्हेगार शोधायला निघालो. माझ्या डोक्यात चित्र अगदी स्पष्ट होतं. स्वामींनी लॅबमध्ये कुणाला तरी फितवलं, आणि त्या आळशी माणसाने एकेचाळीस वेळा एकच आकडा ठोकून दिला. मी तांब्यातलं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. पाणी निघालं, साधं बोअरचं. दामोदरअण्णांचा भाचा लॅबमध्ये आहे का, याची चौकशी केली. त्यांना भाचाच नव्हता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत या ढोंगावर एक लेखही लिहायला घेतला, आणि त्यातली स्वामींची नक्कल मित्रांना वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले. अकरा दिवस मी हे करत होतो. ज्या फाइलमधून ती कार्डं निघाली होती ती फाइल मी एकदाही उघडली नाही, कारण तिथे शोधण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नाही.

बाराव्या दिवशी सुट्टी टाकून मी पीण्यातल्या लॅबमध्ये गेलो. कावेरी टेबलापाशी बसली होती. आजूबाजूला पेशंट होते, तरी मी आवाज खाली ठेवला नाही.

"स्वामींनी तुम्हाला काय दिलं हो, एकेचाळीस खोटे आकडे लिहायला?"

ती उभी राहिली. चेहरा लाल झाला होता. "सर, असं कसं बोलता?"

"मग ब्याण्णव कुठून आले?"

"कुठले ब्याण्णव?" तिने कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर आपटलं. "हे बघा. माझं हस्ताक्षर. दोनशे एक, एकशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे दोन, दोनशे सतरा. कुठंय ब्याण्णव? दाखवा की मला."

मी दोनशे चौदा शोधलं. कस्तुराबाई. दोनशे शहाऐंशी.

"पण फाइलमध्ये तर..."

"फाइलमध्ये दोन पानं आहेत, सर. पहिल्या पानावर मंडळ, दुसऱ्या पानावर स्वामींची माणसं. रजिस्टर वेगळं होतं म्हणून पान वेगळं केलं. मेलमध्ये लिहिलं होतं मी. दुसरं पान पण बघा, असं. वाचलं नाहीत का?"

मी तिथेच बाकावर बसलो, लॅपटॉप उघडला आणि फाइल उघडली. खाली दुसरं पान होतं. त्यावर एकेचाळीस आकडे शांतपणे बसून होते, मी बोलावण्याची वाट बघत. मेल शोधली. दोनच ओळींची होती.

आता हा चमत्कार कसा घडतो ते नीट सांगतो, कारण यापेक्षा सोपी हातचलाखी मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या धंद्यात शोध-कोष्टक म्हणून एक प्रकार असतो. एका बाजूला कार्ड नंबरांची यादी आणि प्रत्येक नंबराशेजारी त्याची साखर. तुम्ही सूत्राला नंबर द्यायचा, ते यादीत खाली खाली शोधत जातं, नंबर सापडला की शेजारची साखर उचलून आणतं. पण शेवटी त्याला एक गोष्ट सांगावी लागते: नंबर हुबेहूब तोच हवा, की जवळपासचा चालेल? काहीच सांगितलं नाही, तर जवळपासचा चालेल असं ते धरून चालतं.

जवळपासचा कधी कधी खरंच हवा असतो. साखरेच्या आकड्याचं शेऱ्यात रूपांतर करताना मला तो हवा होता. सत्तरपासून 'उत्तम', शंभरपासून 'सावध', एकशे सव्वीसपासून 'डॉक्टरांना भेटा'. एकशे चौदा हा आकडा त्या कोष्टकात नसतो, तेव्हा त्याच्या खालचा शंभर धरायचा आणि 'सावध' छापायचं. हे सूत्र मी आधी लिहिलं. ते चाललं. मग तेच उचलून माणसं शोधायच्या जागी चिकटवलं. आणि माणसांच्या बाबतीत जवळपासचं चालत नाही, एवढं मी विसरलो.

पहिल्या पानावर यादी एकशे अठराला संपत होती. सूत्राने दोनशे एक शोधायला सुरुवात केली, शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, नंबर मिळाला नाही, आणि 'सापडला नाही' असं म्हणण्याऐवजी तिथेच, शेवटच्या माणसाच्या शेजारचा आकडा उचलून दिला. दोनशे दोनला तोच. दोनशे एकेचाळीसला तोच. सगळे जण त्या एकाच शेवटच्या ओळीवर येऊन थांबले.

एकशे अठरावी ओळ. शुभंकर. ब्याण्णव.

म्हणजे तो रुद्राचा आकडा नव्हता, स्वामींचाही नव्हता. ती माझी साखर होती. एकेचाळीस आजारी माणसांना मी माझं रक्त उत्तम असल्याची प्रमाणपत्रं वाटून आलो होतो.

कावेरी शेजारी उभी राहून बघत होती. तिला सगळं कळलं होतं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिने रजिस्टर उचललं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मी माफी मागितली ती तिच्या पाठीला.

यापुढचं लिहायला मला फार जड जातं.

मी रंजिताताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे बघ शुभंकर, लॅबची फाइल चुकली म्हणू या. दोन पानं कशाला केली त्यांनी? मंडळाचं नाव जाईल रे." मी नाही म्हणालो नाही. "बघू," म्हणालो. घरी आलो तर मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या, अंगात कणकण होती, उजव्या पायाला फडकं बांधलं होतं. लेथ गेली तरी फरशीच्या भेगांत लोखंडाचा कीस राहतोच. तो अनवाणी पायात शिरला होता आणि बधिर पायाला चार दिवस पत्ता लागला नव्हता.

"मावशी, आत्ताच्या आत्ता इन्सुलिन घ्या. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला? ब्याण्णव हाय की."

एक वाक्य बोलायचं होतं: कागद चुकला, चूक माझी. ते माझ्या तोंडून निघेना. ज्यांच्यासमोर मी गुळाचा खडा मिरवला होता, त्यांच्यासमोर निघेना. मी म्हणालो, "तरी घ्या." त्या हसल्या. "तरी म्हंजी काय? कारन सांग." मी कारण सांगितलं नाही. माडीवर निघून गेलो.

ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी दुपारी बोललो, दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात, जेव्हा त्यांना उभंही राहता येत नव्हतं. त्यांनी ऐकलं. "असं व्हय," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या.

पायाची दोन बोटं काढावी लागली. मी डॉक्टरांना विचारलं, एक दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." कदाचित मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मला बरं वाटलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी शेडमध्ये गेलो. बरोबर लॅपटॉप, भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र आणि एक पिशवी. रंजिताताईंना सांगितलं होतं की लॅबचं नाव घेणार नाही, माझंच घेणार. त्या आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. मी कावेरीलाही बोलावलं होतं. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

स्वामी रंगात होते. "या साहेब! आज कुठला चमत्कार आणलात?"

"तोच जुना," मी म्हणालो. "पण आज सगळ्यांसमोर करून दाखवतो. कुणीही एक नंबर सांगा. कुठलाही."

"दोनशे सात!" कुणीतरी ओरडलं. मी टाइप केलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं: ९२, उत्तम. लोकांनी हात जोडले.

"आता नऊशे नव्व्याण्णव. या नंबराचं कार्ड आहे का कुणाकडे?" कुणाकडेच नव्हतं. मी टाइप केलं. ९२, उत्तम. जोडलेले हात थोडे सैल झाले.

"दामोदरअण्णा, तुमच्या स्कूटरचा नंबर?"

"चार हजार चारशे बारा."

९२, उत्तम. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "स्वामींचा मोबाइल नंबर टाका!" एका बाईने सुचवलं. टाकला. दहा आकडी नंबर खाऊन यंत्राने शांतपणे उत्तर दिलं: ९२, उत्तम. आता सगळी शेड हसत होती. मीही हसलो असतो, पण मला पुढचं बोलायचं होतं.

"स्कूटरला मधुमेह नसतो," मी म्हणालो. "आणि हे ब्याण्णव तुमच्यापैकी कुणाचेही नाहीत. माझे आहेत. या यंत्राला तुमचा नंबर सापडला नाही, म्हणून त्याने शेवटच्या माणसाची साखर तुम्हाला दिली. 'सापडलं नाही' असं म्हणायला मी त्याला शिकवलं नव्हतं. चूक लॅबची नाही. चूक माझी. या कावेरीबाईंनी खरे आकडे वेळेवर पाठवले होते, मी ते पान उघडलं नाही, आणि वर यांच्यावरच भर लॅबमध्ये आळ घेतला. त्यासाठी सगळ्यांसमोर माफी मागतो. कस्तुराबाईंची दोन बोटं गेली. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला म्हणून गेली."

हसू पार मावळलं. मी पिशवीतून लॅबचे खरे रिपोर्ट काढले आणि बंद पाकिटं ज्याच्या त्याच्या हातात दिली.

स्वामी घसा खाकरून म्हणाले, "आकडा चुकत असतो. कृपा चुकत नाही."

दामोदरअण्णा आपला रिपोर्ट बघत होते. "दोनशे त्रेसष्ट," ते हळूच म्हणाले. मग स्वामींकडे वळले. "ब्याण्णव आले तेव्हा तुमची कृपा. आता हे दोनशे त्रेसष्ट कुणाचे हो, स्वामी? साहेबांनी चूक केली, साहेबांनी कबूल केली. सुई सोडा म्हणून तुम्ही सांगितलं होतंत. तुम्ही काय कबूल करता?"

स्वामींनी डोळे मिटले. कावेरी तोवर टेबलापाशी बसून एकेकाला विचारत होती, सुई कधीपासून बंद आहे, घरी औषध शिल्लक आहे का, आणि लोक तराजूकडे पाठ करून तिच्यासमोर रांग लावत होते. पुढच्या महिन्यात शेड भाड्याने गेली. स्वामी कुठे गेले ते मला माहीत नाही, पण कुठेतरी गूळ वाटत असतील.

तुम्हाला माझं सांगणं आहे ते एवढंच. एखादा भगव्या कपड्यातला माणूस तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत असेल, कधीच 'मला माहीत नाही' म्हणत नसेल, तर सावध व्हा. हे तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. पण माझ्यासारखा, लॅपटॉप घेऊन आलेला, विज्ञानाचं नाव घेणारा माणूस समोर असेल तरी तितकेच सावध व्हा. त्याला विचारा: कुठल्या यादीतून आणलंस? त्या यादीत मी आहे का? आणि नसेन, तर तुझं यंत्र काय म्हणतं? त्याला राग आणू नका. आलाच तरी हरकत नाही, पण विचारा. मी असा प्रश्न स्वामींना विचारला, कावेरीला विचारला, स्वतःला विचारला नाही.

मावशी आता घरी आहेत. पुढचा भाग कापलेली चप्पल घालून हळूहळू चालतात. माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलत होत्या. भाकरी मात्र एकही दिवस चुकली नाही, आणि ती गिळताना मला काय वाटायचं ते मलाच माहीत.

परवा त्यांची आणि बाकीच्या चाळीस जणांची नवी तपासणी झाली, जुन्याच नंबरांनी. मी लॅबमधून आकडा आणला आणि दारातूनच सांगितला, "मावशी, एकशे एकेचाळीस. खूपच सुधारणा आहे."

त्यांनी हातातलं पीठ झटकलं. "लॅपटॉप आन."

"कशाला?"

"आन म्हनते न्हवं."

मी आणला, पाटावर ठेवला आणि लॅबची नवी यादी उघडली. मावशींनी चष्मा लावला. पिठाचं बोट पडद्यावर टेकवून एकेक ओळ खाली उतरत गेल्या. दोनशे चौदावर थांबल्या. तिथून बोट सरळ आडवं नेलं, मध्ये दोनदा परत मागे येऊन ओळ तीच आहे ना ते पाहिलं, आणि शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

"एकशे एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "हां. ही माझी." मग चष्मा काढला आणि भाकरी थापायला लागल्या.